कॉलेजचं पहिलं वर्ष : हैदराबादच्या वाटेपासून नांदेड-लातूरपर्यंत

 

जून-जुलै महिन्यात नांदेडच्या नाहीतर लातूरच्या एसटी स्टँडवर तुम्ही उतरलात, तर एक देखावा हमखास दिसतो. गुंडाळलेली गादी, बादलीत कोंबलेली ताट-वाटी, पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि मागं उभी असलेली आई. शेजारी लेक, हातात प्रवेशाचे कागद. आई तिला खोलीवर सोडते, खोलीमालकिणीला "बाई, लक्ष असू द्या" म्हणते आणि संध्याकाळच्या गाडीनं गावाकडं परत येते. त्या दिवसापासून दिवाळीपर्यंतचे चार महिने लेकीच्या शिक्षणात फार नाजूक असतात. पुष्कळ मुली दहावी-बारावीत टिकतात आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षात गळतात. हुशारी कमी पडली म्हणून नव्हे, तर नव्या ठिकाणी पाय टेकत नाहीत म्हणून.

आज मी तुम्हाला याच पहिल्या वर्षाचा इतिहास सांगणार आहे. आपल्या मराठवाड्यातल्या पोरांना कॉलेजची पायरी चढताना पूर्वी काय काय आडवं आलं, आणि कुणाच्या आधारानं ती टिकली, हे कळलं की आज आपण काय करायचं तेही उमगतं.

पहिली अडचण भाषेची आणि अंतराची. १९४८ पर्यंत आपला मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नांदेड हा संस्थानातला जिल्हा. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, तर उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात. सरकारी कामकाज उर्दूत चालायचं. हैदराबादला १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं. तिथं वरचं शिक्षण इंग्रजीऐवजी उर्दूतून देत. एका देशी भाषेतून विज्ञान, कायदा शिकवणं हा त्या काळी मोठाच प्रयोग होता, हे मान्य करायला हवं. पण आपल्या मुलांसाठी गणित अवघड होऊन बसलं. घरात मराठी, वर्गात उर्दू आणि वर इंग्रजी. एका लेकरानं किती भाषांचं ओझं वाहायचं?

शिवाय अंतर. औरंगाबादला इंटरपर्यंतचं कॉलेज होतं. पदवी घ्यायची तर हैदराबादच गाठावं लागे. १९०० च्या सुमाराला हैदराबाद-मनमाड रेल्वे नांदेडवरून धावू लागली, तेव्हा नांदेडकरांची थोडी सोय झाली. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइटची छोटी गाडी आली, पण ती कुर्डुवाडीकडं जाणारी. म्हणजे नकाशावर जवळ दिसणारं कॉलेज पोरांना परदेशासारखं लांब होतं. ज्याचे नातेवाईक हैदराबादला असत, त्याचं जमायचं. बाकीच्यांची शाळा संपली की शिक्षणही संपायचं. मुलींचा तर विचारच नको.

मग जी पोरं गेली, ती जेवली कुठं, राहिली कुठं? त्या काळी महाराष्ट्रभर वार लावून जेवायची रीत होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. कुणी माधुकरी मागायचं. पण मैत्रिणींनो, हेही सांगितलं पाहिजे की ही सोय जात पाहून होत असे. वरच्या जातीच्या गरीब पोराला वार मिळे, दलित पोराला पंगतीच्या जवळसुद्धा कुणी येऊ देत नसे. म्हणून कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगं काढली. पुढं साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली आणली आणि त्यांना स्वतःच्या मेहनतीवर शिकायला लावलं. या दोघांनी एक गोष्ट नीट ओळखली होती. फी माफ केली म्हणून खेड्यातलं पोरगं शिकत नाही. त्याला रात्री पाठ टेकायला जागा आणि दोन वेळची भाकर लागते. शाळेइतकंच बोर्डिंग महत्त्वाचं.

आपल्याकडं १९३८ साली एक मोठी घटना घडली. संस्थानात वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणायचा आग्रह धरला. सरकारनं मनाई केली. पोरं मागं हटली नाहीत, तेव्हा उस्मानिया विद्यापीठानं कितीतरी जणांची नावं कमी केली. ऐन शिक्षणाच्या वयात शेकडो पोरं रस्त्यावर आली. त्या वेळी नागपूर विद्यापीठानं दार उघडलं आणि या मुलांना प्रवेश दिला. पुढं देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांतलेच एक. अनोळखी गाव, वेगळा अभ्यासक्रम, घरून पैसे येतील की नाही याची खात्री नाही, अशा स्थितीत ती मुलं नव्यानं बसली आणि शिकली. कुणीतरी "या, आमच्याकडं शिका" असं म्हणालं म्हणून हे झालं. एवढ्या एका वाक्याची किंमत आयुष्याइतकी असते.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं. लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ हे मुळात शिक्षक. हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळांत त्यांनी मुलं घडवली होती. राजकीय लढा संपल्यावर शिक्षणाचा लढा सुरू करायचा, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला कॉलेज काढलं. तेच आजचं मिलिंद महाविद्यालय. मिलिंदची मोठी गोष्ट म्हणजे तिथलं वसतिगृह. नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबादच्या खेड्यांतून आलेली, घरातली पहिलीच शिकणारी दलित मुलं तिथं राहिली. पुस्तकं, जेवण, निवारा आणि आपल्यासारखीच चार माणसं भोवती. त्यातून पुढं प्राध्यापक, अधिकारी, लेखक, कार्यकर्ते निघाले.

२३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. पंडित नेहरू उद्घाटनाला आले होते. आता परीक्षेसाठी हैदराबादकडं बघायची गरज उरली नाही. मग कॉलेजं भराभर निघाली. १९६१ ला लातूरचं दयानंद, १९६३ ला नांदेडचं यशवंत, साठच्याच दशकात उदगीरला उदयगिरी, १९७० ला लातूरला राजर्षी शाहू महाविद्यालय. याच काळात यशवंतराव चव्हाणांच्या सरकारनं कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना फीमाफी दिली. तिला लोक ईबीसीची सवलत म्हणत. वर्षाला बाराशे रुपयांच्या आत कमाई असलेल्या घरांतली पोरं त्यामुळं कॉलेजात दिसू लागली.

या काळातला एक माणूस मला नेहमी आठवतो. नरहर कुरुंदकर. वसमतजवळच्या कुरुंदा गावचे, १९३२ चा जन्म. शिकायला हैदराबादला गेले. मामा तिथं मराठीचे प्राध्यापक, म्हणजे घरचाच आधार. वाचन अफाट. आणि तरीही इंटरच्या परीक्षेत ते नापास झाले. आजच्या भाषेत सांगायचं तर कॉलेजच्या सुरुवातीलाच गाडी अडली. नांदेडला येऊन ते प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले, नोकरी करत करत पुढच्या पदव्या मिळवल्या, पीपल्स कॉलेजात प्राध्यापक झाले आणि शेवटी त्याच कॉलेजचे प्राचार्य. १९८२ मध्ये ते गेले, तोवर त्यांचं नाव साऱ्या महाराष्ट्रात झालं होतं. इंटर नापास झाल्यावर घरच्यांनी आणि गावानं "याच्या नशिबात शिक्षण नाही" असा शिक्का मारला असता, तर मराठवाडा एका मोठ्या माणसाला मुकला असता. तुमच्या लेकीचा पहिल्या सत्रात एखादा विषय राहिला तर हे नाव आठवा.

मुलींसाठी खरा बदल १९७५ पासून झाला. तोवर अकरावीला मॅट्रिक व्हायची आणि लगेच कॉलेजसाठी शहर गाठावं लागे. १९७५ पासून दहावीला बोर्ड, पुढं अकरावी-बारावी, मग तीन वर्षांची पदवी, अशी रचना आली. अकरावी-बारावीचे वर्ग तालुक्याच्या आणि मोठ्या गावांच्या हायस्कुलांना जोडले गेले. त्यामुळं मुलगी घरी राहून बारावीपर्यंत शिकू लागली. ऐंशीच्या दशकात सरकारनं मुलींची बारावीपर्यंतची फी माफ केली. अलीकडं मानव विकासच्या निळ्या बशी आल्या, एसटीचा सवलतीचा पास आला. म्हणजे घर सोडून जायचं वळण दोन वर्षांनी पुढं सरकलं. वळण मात्र तिथंच आहे. बारावीपर्यंत लेक तुमच्या डोळ्यांसमोर असते. त्यानंतर एका दिवसात ती अनोळखी शहरात जाते.

नांदेडला १९८१ मध्ये श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं. १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि आपल्या भागातल्या कितीतरी घरांबरोबर लेकरांच्या शाळाही कोसळल्या. त्या दुःखातून माणसं उठत होती, तेवढ्यात १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडला विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. नांदेड, लातूर, परभणी आणि आजचा हिंगोली एवढा मुलूख त्याच्याकडं आला. पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे, आधी लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य.

त्याच शाहू कॉलेजातून 'लातूर पॅटर्न' हा शब्द राज्यभर गेला. त्याच्याशी वाघमारे सरांचं आणि त्यांच्यानंतरचे प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांचं नाव जोडलं जातं. त्यात जादू काहीच नव्हती. सुट्टीतही तास घ्यायचे. पुन्हा पुन्हा सराव परीक्षा घ्यायच्या. उत्तरपत्रिका तपासून पोराला समोर बसवून चूक दाखवायची. कोण गैरहजर आहे, कोण मागं पडलंय, हे शिक्षकांनी रोज पाहायचं. नव्वदच्या दशकात बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरची मुलं झळकू लागली आणि पुण्या-मुंबईची मंडळी लातूरकडं बघू लागली. लातुरात घरोघरी खोल्या भाड्यानं गेल्या, खानावळी निघाल्या. कितीतरी बायांनी डबे करून संसार उभा केला. यश मिळालं त्याच्या मागं या डब्यांचाही वाटा आहे, हे कुठल्या यादीत लिहिलेलं नाही.

पण लातूर पॅटर्ननं एक प्रश्न उघडाच ठेवला. अकरावी-बारावीत जी मुलगी रोज कुणाच्या तरी नजरेत असते, ती पदवीच्या पहिल्या वर्षात एकदम मोकळी सोडली जाते. वर्ग मोठा. नाव कुणाला माहीत नाही. तासाला गेलं काय, न गेलं काय, विचारणारं कुणी नाही. डॉक्टर-इंजिनिअर होणाऱ्या मुली मोजक्या. बाकीच्या बीए, बीकॉम, बीएस्सीला जातात आणि त्यांना वाटतं, आपण मागंच राहिलो. वर शहरातल्या मुलींचे कपडे, इंग्रजी, मोबाईल बघून जीव दबतो. सप्टेंबरात घरची आठवण, ऑक्टोबरात परीक्षेची भीती आणि दिवाळीला घरी आली की पाहुणे स्थळ घेऊन दारात. तिथंच खेळ संपतो.

ही अडचण सरकारच्याही ध्यानात आली. २०१९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं 'दीक्षारंभ' नावाचा कार्यक्रम सगळ्या कॉलेजांना सांगितला. नव्या मुलांना सुरुवातीच्या दिवसांत कॉलेज दाखवायचं, शिक्षकांशी आणि वरच्या वर्गातल्या मुलांशी ओळख करून द्यायची, ग्रंथालय, प्रयोगशाळा, खेळ, नियम समजावून सांगायचे. प्रत्येक मुलामागं मार्गदर्शक शिक्षक असावा, हाही त्यातलाच भाग. रॅगिंगविरुद्ध आपल्या राज्यात १९९९ पासूनच कायदा आहे. २०२४-२५ पासून आपल्याकडच्या कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. त्यात मुख्य विषयाबरोबर कौशल्याचे विषय आहेत, प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यायचा आहे आणि त्याचे गुण, म्हणजे श्रेयांक, मुलीच्या नावावर जमा होतात. नियमांच्या अटी पाळून एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबता येतं आणि पुढं परत येऊन शिक्षण पूर्ण करता येतं. लग्न किंवा आजारपणामुळं थांबलेल्या मुलीसाठी हे दार मोठं आहे. पण दार आहे हे तिला कुणीतरी सांगायला हवं.

आता इतिहासातून आपल्या गटासाठी काय घ्यायचं? मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली, शाहू महाराजांची आणि मिलिंदच्या वसतिगृहाची : राहायची-जेवायची सोय आधी. बारावीचा निकाल लागायच्या आतच गटाच्या बैठकीत विचारा, कुणाची लेक बाहेर जाणार आहे? जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन-क्रिमीलेअर, आधारला जोडलेलं बँक खातं, हे मे महिन्यातच करून ठेवा. सरकारी वसतिगृहाचा अर्ज भरा. जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या मुलींसाठी स्वाधार योजना, आदिवासी मुलींसाठी स्वयम् योजना, इतर मागास आणि भटक्या-विमुक्त समाजांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना, लहान शेतकऱ्यांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता अशा सोयी आहेत. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास गटातल्या मुलींना, नियमाप्रमाणं प्रवेश झाला असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. अटी बदलत असतात, म्हणून कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात स्वतः जाऊन विचारा. कागद एका बाईला जड जातो, दहाजणी मिळून तहसीलला गेलं की हलका होतो.

दुसरी, नागपूरनं १९३८ मध्ये केली ती : "या" म्हणणारं माणूस. आपल्याच गावची एखादी मुलगी त्या शहरात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असेल, तर नव्या मुलीची गाठ तिच्याशी घालून द्या. पहिला महिना तिनं हिला सोबत न्यावं. लायब्ररी कुठं, बस कुठली, मेस कोणती चांगली, कोणत्या मॅडमशी बोलावं. राष्ट्रीय सेवा योजनेत म्हणजे एनएसएसमध्ये नाव घालायला सांगा. गावाकडच्या मुलींना तिथं लवकर ओळखी होतात आणि चारचौघांत बोलायची भीड मोडते. तिला त्रास झाला, कुणी छेडलं, तर "कॉलेज सोड" हे उत्तर नको. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ हा फुकटचा नंबर आहे, तातडीला ११२ आहे. मन फारच खचलं तर १४४१६ वर टेलिमानसला फोन करता येतो. हे नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या.

तिसरी, लातूर पॅटर्नची : रोज बघणारी नजर. कॉलेजात ती नसली तर आपण व्हायचं. फोनवर "जेवलीस का?" तर विचाराच, पण "आज कोणता तास झाला? काय समजलं नाही?" हेही विचारा. तुम्हाला विषय कळत नसला तरी चालेल. आपल्याला कुणी विचारतंय, एवढ्यानं पोरगी तासाला बसते. आणि करिअरचं बोलणं तिसऱ्या वर्षासाठी राखून ठेवू नका. पहिल्याच वर्षी एक कौशल्य हाताशी असू द्या. मराठी-इंग्रजी टायपिंग, संगणक, हिशेब, माती-पाण्याची तपासणी, जे तिच्या विषयाला जवळचं असेल ते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्याकडून गटाचा हिशेब लिहून घ्या, बँकेत सोबत न्या. तोही कामाचाच अनुभव आहे.

दिवाळीला स्थळ आलं तर काय म्हणायचं, तेही गटात आधीच ठरवून ठेवा. एकट्या आईला घरात बोलणं अवघड जातं. चारजणींनी मिळून घरी जाऊन "एवढी पदवी होऊ द्या" म्हटलं, की बापही ऐकतो. असं बोलायला आपण बऱ्याचदा लाजतो, लाजू नका.

आणि शेवटचं तुमच्यासाठी. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालं. ज्यांचं शिक्षण अर्धवट राहिलं, त्यांना घरचं, रानातलं काम सांभाळून पदवी घेता येते. नांदेडला त्याचं विभागीय केंद्र आहे. म्हणजे पहिलं वर्ष एकट्या लेकीचंच असेल असं काही नाही. एकाच घरात लेक आणि आई, दोघींचंही असू शकतं.

येत्या बैठकीत एवढं एकच करा. आपल्या गावातून यंदा कोण कोण मुली कॉलेजला जाणार, त्यांची नावं वहीत लिहा आणि प्रत्येक नावापुढं गटातल्या एकीचं नाव लिहा. तिनं दर रविवारी त्या मुलीला फोन करायचा. दिवाळीनंतर ती वही परत उघडा आणि किती नावं अजून कॉलेजात आहेत ते मोजा.